किनाऱ्यावरच्या आणि पाण्यातल्या

बेळगावला समुद्र नाही. चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात गेले म्हणजे तो दिसतो, आणि आमच्या वयाच्या बायकांचा त्याच्याशी संबंध तेवढाच. सहलीला जावे, साडीचा घोळ वर धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहावे, आणि मुलांना ‘पुढे जाऊ नका’ म्हणून ओरडत राहावे. आम्हां दोघी जावांपैकी एकीला पोहता येते. खानापूर तालुक्यातील तिच्या माहेरी थोरल्या भावाने पाठीला पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा बांधून तिला विहिरीत ढकलले आणि ती पोहायला शिकली. लग्नानंतर मात्र तिने पाण्यात उडी घेतली नाही. कोणी मनाई केली होती असे नव्हे. तसा प्रसंगच आला नाही. बायकांच्या पुष्कळ विद्या अशाच जातात.

हे सारे आठवण्याचे कारण आमच्या घरची लेक. ती आम्हां दोघींपैकी कोणाची, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. एकीला ती आई म्हणते, दुसरीला काकू, आणि रागावली म्हणजे दोघींशीही बोलत नाही. शिक्षणासाठी ती मणिपालला गेली आणि पदवीच्या जोडीला फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होण्याचा खेळ शिकून आली. सर्फिंग हे त्याचे नाव आता घरोघरी ठाऊक आहे. आमच्या घरी ते प्रथम उच्चारले गेले तेव्हा सासूबाईंनी एवढेच विचारले, ‘‘आणि उन्हात किती वेळ?’’ त्यांच्या प्रश्नामागे स्थळांची यादी होती हे आम्हांला कळले. लेकीलाही कळले. मधल्या दिरांनी तर लाट ही काय खेळण्याची वस्तू आहे, असे म्हणून विषय संपवला.

आम्हांला तो संपवता येईना. ज्या गोष्टीवर घरात मते द्यायची ती गोष्ट आधी समजून घ्यावी, म्हणून आम्ही मिळेल ते वाचू लागलो. वाचले त्यावरून दिसले की, हा खेळ मुळात पुरुषांचा आणि बायका त्यात मागाहून शिरल्या, ही समजूत खरी नाही. हवाई बेटांवर स्त्री-पुरुष दोघेही लाटांवर स्वार होत. माउई बेटावरील केलिया नावाच्या सरदारकन्येच्या लाटांवरील कौशल्याच्या कथा तेथे परंपरेने सांगतात. १८९९ साली अकाली वारलेली राजकन्या काइउलानी हिची कोआ लाकडाची फळी होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आजही जपून ठेवलेली आहे. १८२० पासून तेथे आलेल्या मिशनऱ्यांना मात्र स्त्री-पुरुषांनी असे उघड्या अंगाने एकत्र पाण्यात खेळणे रुचले नाही, आणि पुढील काळात हा खेळ बराच ओसरला. विसाव्या शतकात तो पुन्हा पसरला तेव्हा बायकांना जणू पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. १९१५ साली हवाईचा प्रसिद्ध जलतरणपटू ड्यूक काहानामोकू याने सिडनीजवळ इझाबेल लेथम या पंधरा वर्षांच्या मुलीला आपल्या फळीवर घेऊन लाट उतरून दाखवली. त्याच ऑस्ट्रेलियात किनाऱ्यावरील जीवरक्षक म्हणून बायकांना पूर्ण अधिकाराने काम करण्यास १९८० साल उजाडावे लागले. पैशाचेही तेच. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेतील एका कुमारगटाच्या स्पर्धेत जिंकलेला मुलगा आणि जिंकलेली मुलगी बक्षिसाचे मोठे कागदी धनादेश हातात धरून शेजारी उभी राहिली. त्याच्या धनादेशावर आठ हजार रँड आणि तिच्या धनादेशावर चार हजार. ते छायाचित्र जगभर गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात जागतिक सर्फ लीगने २०१९ पासून बक्षिसे समान करण्याचे जाहीर केले.  आमच्या मधल्या दिरांनाही चार हजारांची ती गोष्ट खटकली, हे येथे नमूद केले पाहिजे.

आपल्या देशातला इतिहास त्या मानाने कालचा. मंगळूरच्या उत्तरेस मुल्की येथे एका अमेरिकन वैष्णव संन्याशाच्या आश्रमात २००४ च्या सुमारास सर्फिंगचे शिक्षण सुरू झाले. लोक त्यांना ‘सर्फिंग स्वामी’ म्हणत. मूळच्या मुंबईच्या इशिता मालवीय शिक्षणासाठी मणिपालला आल्या आणि त्यांनी तुषार पथियन यांच्यासह उडुपीजवळ कोडी बेंगरे येथे ‘शाका सर्फ क्लब’ सुरू केला. एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस सुवर्णा नदी, मधे नारळीची अरुंद पट्टी, असे ते कोळ्यांचे गाव. भारतातील पहिली व्यावसायिक स्त्री-सर्फर म्हणून इशिताबाईंचे नाव घेतले जाते. पहिलीपणाचा गौरव सर्वजण करतात. पण पहिली म्हणजे तितका काळ एकटी, हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ आमच्या लेकीने आम्हांला समजावला.

एका सुट्टीत ती घरी आली असता रात्री स्वयंपाकघरात बसून म्हणाली, ‘‘काकू, मला लाटेची भीती नाही वाटत गं. पाण्यात मी एकटीच मुलगी असते ना, त्याचा कंटाळा येतो.’’

मग तिने जे सांगितले त्यासाठी या खेळाचा एक नियम समजून घ्यावा लागतो. एका लाटेवर एकच स्वार. लाट जेथे प्रथम फुटू लागते त्या टोकाच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. इतरांनी ती सोडून द्यायची. कागदावर हा नियम निर्दोष आहे. व्यवहारात असे होते की, लाट मुलीची असली तरी ‘ही कुठे उभी राहणार, पडेलच’ असे गृहीत धरून शेजारचा मुलगा तीत घुसतो. तो दुष्टपणाने घुसतो असेही नाही. ती दोनदा पडते, तिसऱ्यांदा लाट सोडून देते, आणि मग ती सोडतेच म्हणून तिची लाट कोणाचीही होते. याला उपाय भांडण नव्हे, असे लेकीचे मत. पाण्यात आणखी चार मुली असाव्यात, हा उपाय.

तशा मुली तिने एकेक करून जमवल्या. वैद्यकीच्या दोन विद्यार्थिनी, एक शाळेतील शिक्षिका, बँकेत काम करणारी एक कन्नडिग सून, दोन मुलांची आई असलेली एक केरळी बाई. एकीने दुसरीला सांगितले, दुसरीने तिसरीला, आणि त्या अकरा झाल्या. फळ्या तीन. मंडळाला नाव नाही, अध्यक्षा नाही, वर्गणी नाही. रविवारी सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर यायचे आणि एकटीने पाण्यात उतरायचे नाही, एवढेच दोन नियम. फळ्या कमी असल्यामुळे आठ जणी नेहमी किनाऱ्यावर आपल्या पाळीची वाट पाहत असतात, आणि खरी ओळख तेथेच होते, असे ती म्हणते. यावर आम्हां दोघींना आमच्या भिशीची आठवण झाली. परंतु ते बोलून दाखवले नाही.

गेल्या पौषात आम्ही तेथे आठ दिवस राहून आलो. त्या दिवसांत लाटा कंबरेएवढ्या असतात. नवशिक्यांची फळी आठ-नऊ फुटांची, वरून मऊ. पाय घसरू नये म्हणून कडक फळ्यांवर मेण घासतात. एक दोरी फळीला आणि घोट्याला बांधलेली असते, म्हणजे माणूस पडले तरी धरायला तरंगती वस्तू जवळच राहते. फळीवर पालथे पडून हातांनी पाणी मारत निघायचे, लाटेने मागून उचलले की दोन्ही हात छातीजवळ रोवून एका झटक्यात उभे राहायचे. नव्या मुलीची फळी जुनी मुलगी मागून ढकलते. सतरा वेळा पडून अठराव्या वेळी एक विद्यार्थिनी तीन-चार क्षण उभी राहिली तेव्हा किनाऱ्यावर जो आरडाओरडा झाला, त्यात आमचाही आवाज होता.

ओढीविषयीही आम्ही तेथेच शिकलो. किनाऱ्यावर लाटांनी आणलेले पाणी परत जाताना एखाद्या अरुंद वाटेने जोराने आत जाते. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत म्हणून तो शांत दिसतो, आणि नवखा माणूस नेमका तेथेच उतरतो. ओढीत सापडल्यावर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, शक्ती असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला व्हावे. समुद्राकाठी सहलीस जाणाऱ्या आपल्या घरांतील प्रत्येकाला एवढे ठाऊक असावयास हवे.

मुलींना समुद्रापासून दूर ठेवणे म्हणजे त्यांना सुरक्षित ठेवणे, असे आपण धरून चालतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅम संस्थेने जी पाहणी केली तिच्यात तमिळनाडूतील कडलूर येथे मृतांमध्ये पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट स्त्रिया आढळल्या. कारणे पुष्कळ होती. कित्येक पुरुष होड्यांतून खोल समुद्रात होते आणि तेथे ती लाट त्यांच्या खालून निघून गेली; बायका मासळीसाठी किनाऱ्यावर थांबल्या होत्या, मुलांना शोधत मागे राहिल्या. पोहता न येणे हेही त्या कारणांपैकी एक होते. सर्फिंगने त्सुनामी टळत नाही, हे उघड आहे. पण पाण्याशी जन्मभर अनोळखी राहण्याची किंमत कोणी मोजली, हे ते आकडे सांगतात.

किनाऱ्यावर कपडे बदलण्यास आडोसा नव्हता. मुली ओल्या अंगाने गाडीवर बसून वसतिगृहात परत जात. जवळच एका मोगवीर बाईंचे घर होते. सीमेवर राहण्याचा एक लाभ असा की, आम्हांला कन्नड येते. जरी आमचे धारवाडी वळणाचे कन्नड ऐकून त्यांना आणि त्यांचे कुंदापुरी ऐकून आम्हांला हसू आवरेना. आम्ही अंगणाचा कोपरा मागितला. बाईंनी आधी विचारले, ‘‘या मुलींच्या घरी ठाऊक आहे का?’’ आम्ही म्हटले, ‘‘आम्ही घरच्याच.’’ अकरांपैकी दहा जणींच्या घरच्या आम्ही नव्हतो, परंतु बाईंनी अधिक चौकशी केली नाही. त्यांची चौदा वर्षांची मुलगी तिसऱ्या दिवशी पाण्यात उतरली. ती या सगळ्यांहून चांगली पोहते. मासळीचे काम असले म्हणजे येत नाही.

फाल्गुनात हुबळीचे एक स्थळ आले. मंडळी चांगली होती. मुलाच्या आईने सौम्यपणे विचारले, ‘‘लग्नानंतर हे लाटांचे चालू राहणार का?’’ लेक तितक्याच सौम्यपणे म्हणाली, ‘‘यांचे क्रिकेट लग्नानंतर चालू राहणार का?’’ कोणी रागावले नाही. चहा झाला, पोहे झाले. पण निरोप आला नाही. घरात चार दिवस कोणी मोठ्याने बोलले नाही. सासूबाईंनी देवघरात नेहमीपेक्षा अधिक वेळ काढला. लेकीचे उत्तर बरोबर होते की नाही यावर आम्हां दोघींतही एकमत नाही. एकीला ते चोख वाटते. दुसरीला वाटते की, बरोबर उत्तराचीही किंमत द्यावी लागते आणि ती पोरीनेच का द्यावी.

श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर अरुगम बे येथे २०१८ साली त्या देशातील बायकांचा पहिला सर्फ क्लब निघाला. सिंहली, तमिळ, मुसलमान अशा सर्व मुली त्यात आल्या. तेथेही पाण्यापेक्षा लग्न हीच मोठी लाट असल्याचे वाचले. इराणची हकीगत याहून निराळी. आयर्लंडची ईस्की ब्रिटन २०१० मध्ये बलुचिस्तानच्या किनाऱ्यावर चाबहारजवळ डोके आणि सर्वांग झाकून लाटांवर उभी राहिली. २०१३ मध्ये ती दोन इराणी खेळाडू मुलींना घेऊन पुन्हा गेली. त्या किनाऱ्यावर हा खेळ बायकांनी सुरू केला आणि मुलगे पाहून शिकले. तेव्हा खेळ कोणाचा हे तो कोणी आधी खेळला यावर ठरते, आणि आमच्या लेकीला पोशाखावरून बोलणाऱ्यांनी तो सर्वांग झाकणारा पोशाखही लक्षात घ्यावा.

त्या आठ दिवसांत आम्ही काय केले, असे घरी सर्वांनी विचारले. आम्ही मुले सांभाळली. केरळी बाईंची धाकटी दीड वर्षाची. नवरा सोबत असेल त्याच रविवारी बाई पाण्यात उतरू शकत, म्हणजे महिन्यातून एकदा. आम्ही होतो तेव्हा त्या रोज उतरल्या. शिक्षिकेने आपल्या वहिनीला आणले, वहिनीने आपल्या मुलाला आमच्या मांडीवर ठेवले. फळ्या, लाटा, धैर्य यांच्याविषयी पुष्कळ लिहिलेले आम्ही वाचले. मुलाला कोण धरणार याविषयी फार थोडे. आमच्यातील पोहणारी जाऊ सहाव्या दिवशी पंजाबी पोशाखात छातीएवढ्या पाण्यात जाऊन दोन हात मारून आली. दुसरी तोवर तिघांना खेळवत होती.

दिवाळीनंतर पुन्हा जायचे ठरले आहे. निघण्याची गोष्ट निघाली तेव्हा सासूबाईंनी ट्रंकेतून आपले एक जुने सुती नऊवारी लुगडे काढून दिले. अंगणातल्या आडोशाला होईल म्हणाल्या. नारळाच्या दोन झाडांना आणि दोन बांबूंना गुंडाळले तर ते चारी बाजूंनी पुरते. आम्ही मागच्या परसात माडाऐवजी खुर्च्या ठेवून मापून पाहिले. पदर जरा विरलेला आहे, तो दुहेरी करून शिवावा लागेल.