कुळाचे नाव

मागच्या शनिवारी बाबांना घेऊन गावी गेलो होतो. गाव म्हणजे पौडच्या थोडं पुढे. माझं हापिस हिंजवडीला, म्हणजे तेही मुळशी तालुक्यातच, तेव्हा मी रोजच गावाकडे जातो असं म्हणायला हरकत नाही. :)

तिथे आमचं एकरभर भातखाचर आहे. आम्ही ते कसत नाही. एक मामा (नात्याने नव्हे, पण लहानपणापासून मामाच) अर्धेलीने करतात. बियाणं, खत, गडीमाणसं त्यांची, जमीन आमची आणि दिवाळीनंतर इंद्रायणी निम्मी निम्मी. कागद कसलाही नाही.

तर झालं असं, की ऐन लावणीचे दिवस, बांधावर चहा चाललेला, आणि बाबांचा मोबाईल वाजला. पीएम किसानचे दोन हजार जमा. मामांचे पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात. त्यांनी विचारलं, "आले का अण्णा?" अगदी सहज विचारलं. मलाच कसंतरी झालं.

२०१९ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत वर्षाला सहा हजार मिळतात. २०२३ मध्ये राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीने त्यात आणखी सहा हजारांची भर घातली. मी आयकर भरतो म्हणून अपात्र. बाबांना कर लागत नाही, पेन्शन नावापुरती, आणि सातबारा त्यांच्या नावावर, म्हणून पात्र. खाचरात उतरतं कोण, हे कुणी विचारत नाही.

घरी येऊन सवयीप्रमाणे वाचत बसलो. बॅरेट किर्वन नावाच्या अर्थतज्ज्ञाने २००९ मध्ये अमेरिकेतल्या शेती अनुदानांचा हिशोब मांडला होता. तिथे पैसे कसणाऱ्याला मिळतात, मग मालक खंड वाढवून त्यातले किती काढून घेतो? त्याचं उत्तर, डॉलरमागे साधारण पंचवीस सेंट. मला जास्त वाटले होते. आमच्याकडे खंड वाढवायचेही कष्ट नाहीत, रुपयातला रुपया थेट मालकाच्या खात्यात! मामांच्या हाती लागतं ते खताचं अनुदान. युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, दुकानात अंगठा लावून. अर्थात शेती थोडी परवडली की वाट्याने मागणारे वाढतात आणि मालक ताठ होतो, ही गोम तिथेही आहेच.

मग सातबारा नीट बघितला. त्यावर 'कुळाचे नाव, खंड व इतर अधिकार' असा रकाना आहे चक्क. म्हणजे डेटाबेसमध्ये फील्ड आहे, आम्हीच ते रिकामं ठेवलंय. बाबांना म्हटलं, मामांचं नाव कागदावर आणू या का? नोंदणीकृत करार असला तर पीक विमा तरी त्यांच्या नावाने निघेल.

बाबा एरवी शांत माणूस. "आणि कूळ लागलं तर?"

१९४८ चा कूळकायदा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवसापासून कसणारी कुळं मालक मानली गेली. आमच्या चुलत घराची जमीन तशीच गेली, आणि योग्य माणसाकडे गेली असं माझं मत (घरात बोलत नाही). पण तेव्हापासून कुणी कागद करत नाही. कसणाऱ्यासाठी केलेल्या कायद्याच्या धाकाने आज कसणाऱ्याचं नावच गायब आहे. खरं सांगायचं तर इथले गुंठ्याचे भाव आठवले आणि मीही गप्प बसलो. शेवटी ठरलं ते एवढंच, की यंदापासून खताचा निम्मा खर्च आमचा.

आज पुन्हा जाऊन मामांना सांगितलं. खताचं ऐकून ते "बरं होईल" म्हणाले. नावाचा विषय काढला तर हसले. "नको दादा. मी नाव मागतो असं कानावर गेलं, तर माझ्या जावयाला कोण खाचर देईल? तो दुसऱ्याचं करतो."

आणि मग बांधापलीकडच्या नव्या कंपाउंडकडे बघत म्हणाले, "तुम्ही विकणार नाही ना पण?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा चपला शोधत होते.