सूर्यास्तापूर्वीची बस

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. घोडनदीकाठचे शिरूर याच मार्गावर आहे. पुढे १ जून २०२२ रोजी एसटीची विजेवर चालणारी पहिली ‘शिवाई’ही याच रस्त्याने गेली. भीमाकाठच्या दौंडला रेल्वेचे जंक्शन लाभले आणि २०१७ पासून पुणे–दौंड डेमू गाडीही मिळाली. शिरूरला मात्र रूळ नाहीत. पुणे गाठायचे असो वा दौंडची गाडी, तेथील माणसाची सारी भिस्त रस्त्यावरच. म्हणूनच अशा गावांना शहराशी जोडणारी नवी बस सुरू झाली, की घराघरांत प्रथम तिच्या वेळा विचारल्या जातात.

जैन घरात या वेळांना आणखी एक अर्थ असतो. चौविहार पाळणारी आजी तपासणीसाठी पुण्याला निघते, तेव्हा तिला चिंता दवाखान्याची नसते, परतीची असते. दुपारची बस चुकली तर सूर्य वाटेतच मावळतो आणि घरी झाकून ठेवलेले ताट तसेच राहते. ती तक्रार करीत नाही. “आज उपवास घडला,” एवढेच म्हणते. पुढच्या खेपेला मात्र तपासणीच लांबणीवर टाकते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, महिलांना २०२३ पासून निम्मे भाडे आहे. परंतु वेळेवर बसच नसेल, तर सवलतीचा उपयोग काय? दुपारी एक बस वाढली, तर आजीचे औषधही होते आणि व्रतही राहते.

सोय वाढली की गावे ओस पडतात, असे काही वडीलधारी मंडळी म्हणतात. ही भीती निराधार नाही. परंतु जाण्यायेण्याची सोय नसते तेव्हाच मुले शहरात खोली घेतात, पुढे घर करतात, आणि गावातील पेढीला कुलूप लागते. रोज परत येता आले, तर शिक्षण शहरात आणि संसार गावात, असे जमू शकते.

आपले साधू-साध्वी पायीच विहार करतात. गृहस्थासाठी दिग्व्रत सांगितले आहे: कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची मर्यादा. लोभाने दूरदूर धावू नये, हा त्यामागचा भाव. आप्तांच्या भेटीला त्याने आडकाठी नसावी. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ आता बहुधा फोनवरूनच पोचते. ज्याच्याशी वर्षभर अबोला आहे, त्याला मात्र संदेश पुरत नाही. त्याच्या दारात उभे राहावे लागते. शिरूरहून दौंडला, दौंडहून पुण्याला, एवढेच तर अंतर असते. बस ते अंतर कापते. उंबरठ्यापासून पुढची दोन पावले मात्र ज्याची त्यालाच टाकावी लागतात.