पोथीतली चित्रं, गळ्यातली चाल

सचित्र पोथ्यांचा अभ्यास करताना मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती हरवलेल्या चालींची. जर्मन दरबारी कवितेची सर्वांत देखणी पोथी म्हणजे ‘कोडेक्स मानेसे’. साधारण 1300 ते 1340 या काळात झुरिकमध्ये ती सिद्ध झाली. आज ती हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तिच्यात 140 कवींची गीतं आणि 137 पानभर चित्रं आहेत. पहिला मान सम्राट सहाव्या हाइनरिशचा, मग राजे, मग सरदार. कवी व्हाल्टर दगडावर पायावर पाय टाकून, हनुवटी तळहातावर टेकून बसला आहे. त्याने कवितेत केलेलं स्वतःचं वर्णनच चित्रकाराने रंगवलं. कवी फ्राउएनलोबच्या पानावर तर वादकांचा अख्खा ताफा आहे. तरीही पोथीत एकाही गीताचं स्वरलेखन नाही. व्हाल्टरच्या पॅलेस्टाइन-गीताची चाल आज गाता येते, ती म्युन्स्टरला सापडलेल्या दुसऱ्या एका हस्तलिखिताच्या सुट्या पानांमुळे.

कविता आणि चित्र असं एकत्र नांदवणारा दरबार आपल्याकडे अहमदनगरला होता. कवी आफताबीने हुसेन निजामशहाच्या गौरवार्थ ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फारसी काव्य रचलं. 1565 सालचा तालिकोटचा विजय हा त्याचा विषय. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात असलेल्या त्याच्या पोथीत 12 चित्रं उरली आहेत. एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलतं. काव्य फारसी, पण हा दोहदाचा संकेत संस्कृत कवितेतला. सुलतानाशेजारी रंगवलेली बेगम खुंजा हुमायूं मात्र पुढे बऱ्याच चित्रांतून पुसली गेली. त्याच शतकाच्या अखेरीस उत्तर दख्खनमध्ये रागमालेची चित्रं तयार झाली. वर संस्कृत श्लोक, खाली हिंदोल रागाचा झोपाळा. रागाचं रूप डोळ्यांना दिसतं, पण तो तेव्हा कसा गायला जाई हे कळत नाही.

मराठी बाडांचंही तेच आहे. पदाच्या डोक्यावर रागाचं नाव असतं, नाहीतर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या एखाद्या पदाचे सुरुवातीचे शब्द. लिहिणाऱ्याला तेवढं पुरे होई, कारण चाल ऐकणाऱ्यांच्या कानात असे. ती माणसं गेली की खूण उरते आणि चाल जाते. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिराने अशी बाडं निगुतीने जपली आहेत, पण कागदावर नसलेली चाल कोणतीही संस्था कपाटात ठेवू शकत नाही.

म्हणून बाल दिगंबर गणेशाच्या कडावातल्या आणि कर्जत-खालापूरच्या गावागावांतल्या वाचकांना माझी विनंती आहे. भजनी मंडळातल्या जुन्या बुवांच्या वहीचं पान न् पान मोबाईलवर टिपून घ्या. त्याच बैठकीत त्यांना ती पदं म्हणायला सांगा आणि ध्वनिमुद्रण करा. चाल कुणाकडून आली, कोणत्या गावात म्हटली जाते आणि ध्वनिमुद्रण कधी केलं, तेही लिहून ठेवा. येत्या कार्तिकी एकादशीच्या भजनापासूनच सुरुवात करा.