दऱ्या, दर्या आणि बंद झालेला प्रश्न

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसांच्या या पट्ट्यात स्मरणिका, मंडळांचे वार्षिक अंक, शाळांचे सुवर्णमहोत्सवी ग्रंथ वर्षानुवर्षं निघत आले आहेत. मी डोंबिवलीत राहते आणि ठाण्यात अक्षरजुळणीचं काम करते, त्यामुळे या अंकांच्या जुन्या फायली माझ्याकडे सतत येत असतात. कुणाला जुना अंक पुन्हा छापायचा असतो, कुणाला तो फोनवर वाचता यावा असं वाटतं.

या फायली श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा वेगवेगळ्या पद्धतींत जुळवलेल्या असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गुंता दिसतो, कारण त्या काळी मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या घरांत बसवलेले होते. ते तुकडे दिसण्याच्या क्रमाने ठेवलेले असत: ऱ्हस्व वेलांटी आधी, मग व्यंजन. आजची सर्वमान्य पद्धत, युनिकोड, उच्चाराचा क्रम मानते: आधी व्यंजन, मग वेलांटी. रूपांतर करताना प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून व्यंजनानंतर न्यावी लागते आणि रफार उचलून व्यंजनाआधी आणावा लागतो. हे हाताने करायचं तर एका अंकाला महिना जाईल.

माझ्यासोबत काम करणारा एक मुलगा कल्याणहून येतो. संगणकाची पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलेला, मनापासून काम करणारा. त्याने एका संस्थेच्या जुन्या अंकांसाठी पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. पानं भराभर युनिकोडमध्ये आली आणि मी प्रुफं वाचायला बसले. सह्याद्रीच्या भटकंतीवरच्या लेखात ‘दऱ्या’ असायला हव्यात तिथे ‘दर्या’ उसळत होता. वर्धापनदिनाच्या वृत्तान्तात, दोन दिवस पंगती सांभाळणाऱ्या आचाऱ्यांचा सत्कार झाल्याचं मूळ पानावर होतं. आमच्या पानावर तो आचार्यांचा झाला होता. ज्यांनी चुलीपुढे उभं राहून शेकडो माणसं जेवू घातली, त्यांचा मान एका रफारामुळे दुसऱ्याच कुणाला जात होता.

त्याने त्याच रात्री इंग्रजीतून एका आंतरराष्ट्रीय तांत्रिक समुदायाकडे मदत मागितली. सुरुवातीला ‘रिस्पेक्टेड सर’, मग मराठी मजकूर नीट येत नाही एवढं एक वाक्य, फोनने काढलेला पडद्याचा फोटो, ‘व्हेरी अर्जंट’ आणि शेवटी आगाऊ आभार. सकाळी तो आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. कुणीतरी प्रश्नातून ‘सर’, ‘अर्जंट’ आणि आभार काढून टाकले होते. एकाने खाली लिहिलं होतं, “मला दोन्ही सारखंच दिसतं. तुम्ही काय करून पाहिलंत?” त्यानंतर तपशील अपुरा म्हणून प्रश्न बंद करण्यात आला होता.

“ताई, मी इतक्या नम्रपणे लिहिलं होतं,” तो म्हणाला. “त्यांनी माझा नमस्कारसुद्धा खोडला. आणि वर चेष्टा करतात, सारखंच दिसतं म्हणून.”

त्याचं दुःख खरं होतं. आपल्याकडे मदत कशी मागायची हे मूल शाळेच्या अर्जापासून शिकतं. ‘माननीय’, ‘कृपया’, ‘आपला आज्ञाधारक’ हे लिहिलं नाही तर अर्ज परत येतो. कॉलेजात सरांना शंका विचारायची तर आधी माफी मागायची आणि नंतर आभार मानायचे. नम्रपणाची हीच एक रीत त्याला ठाऊक होती आणि त्याने ती मनापासून पाळली होती. समोरच्या माणसाला मात्र त्या ओळींमध्ये उत्तराला उपयोगी पडेल असं काहीच सापडलं नाही. नंतर वाचणाऱ्याला प्रश्न थेट दिसावा म्हणून त्याने त्या काढल्या. एकाने मान दिला, दुसऱ्याने साफसफाई केली, आणि मधल्या मध्ये अपमान झाल्याची भावना उरली.

त्या त्रोटक उत्तराबद्दल मी त्याला आपल्या लोकल गाडीचंच उदाहरण दिलं. डोंबिवलीच्या फलाटावर आपण दारातल्या माणसाला विचारतो, “कळव्याला थांबते का?” तो म्हणतो, “नाही, फास्ट आहे.” या तीन शब्दांत कुणाला उद्धटपणा दिसत नाही. गाडी सुटायच्या आत आपल्याला हवं ते कळलं, त्याबद्दल आपण त्याचे ऋणी असतो. फुकट वेळ देणारी ही दूरची माणसंही कामाच्या दोन मिनिटांतच लिहीत असतात. आवाज आणि चेहरा नसल्यामुळे त्यांचे शब्द कोरडे वाटतात, एवढंच.

आणि ‘सारखंच दिसतं’ ही चेष्टा नव्हती. ज्याला देवनागरी वाचता येत नाही त्याला ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक फोटोत कसा दिसणार? चिनी अक्षरातली एक रेघ इकडची तिकडे झाली तर मला कळणार नाही. त्या माणसाने प्रामाणिकपणे आपली अडचण सांगितली होती आणि ती आमच्या उपयोगाचीच होती. चूक काय आहे हे सांगण्याआधी बरोबर काय असायला हवं हे सांगणं आवश्यक आहे, हे त्यातून कळलं. मराठी माणसाला न सांगता समजणारी गोष्ट तिथे कुणालाच समजत नव्हती.

मग आम्ही दोघांनी प्रश्न नव्याने लिहायला घेतला. सगळा अंक बाजूला ठेवून फक्त एक शब्द घेतला. मूळ फाइलमधला मजकूर, प्रोग्रॅमच्या नेमक्या ओळी, पायथनची आवृत्ती, मिळालेलं रूप, अपेक्षित रूप. फोटो काढून टाकला आणि अक्षरं अक्षरं म्हणून चिकटवली, म्हणजे उत्तर देणाऱ्याला ती आपल्या संगणकावर चालवून बघता येतील. एका वाक्यात लिहिलं की मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत, एकाचा अर्थ डोंगरांमधल्या खोल जागा आणि दुसऱ्याचा समुद्र. शेवटी आम्ही काय करून पाहिलं ते लिहिलं: फॉन्ट बदलला, दुसऱ्या संगणकावर उघडलं, दोन्हीकडे चूक तीच राहिली. म्हणजे दोष फॉन्टचा नव्हता.

हे लिहिता लिहिताच निम्मं उत्तर आमच्या हाताशी आलं. शब्दाचा एकेक सांकेतिक अंक छापून पाहायचा म्हणून त्याने पाहिला, तर रूपांतरानंतर लगेच त्यात एक न दिसणारं चिन्ह होतं आणि शेवटच्या मजकुरात ते नव्हतं. कुठे गेलं, हा आता नेमका प्रश्न झाला.

या वेळी उत्तर लवकर आलं, आणि आधीचा ‘सारखंच दिसतं’ म्हणणाराच ते देणाऱ्यांत होता. ‘दऱ्या’मधला आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात साधा र, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य जोडचिन्ह. दुसऱ्या प्रकारात नुक्ता असलेला ऱ घ्यायचा आणि त्याचा पाय मोडायचा. दिसायला दोन्ही सारखे. आमच्या रूपांतरात पहिला प्रकार तयार होत होता. त्यानंतर जुन्या फायलींतला केरकचरा काढण्यासाठी त्या मुलाने सगळी अदृश्य चिन्हं पुसणारी एक ओळ लिहिली होती, आणि तिच्यात हे जोडचिन्हही जात होतं. ते गेलं की उरतो साधा पाय मोडका र, आणि तो रीतसर रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. उपाय सोपा होता: पुसण्याआधी पहिल्या प्रकारचं दुसऱ्यात रूपांतर करायचं. आचाऱ्यांना त्यांचा सत्कार परत मिळाला.

उत्तर मिळाल्यावर त्याला त्या माणसाला खाजगी मेल लिहायची होती. अंकात आणखीही अडचणी होत्या: ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीच्या मजकुरात लोक अ वर चंद्र देत. दिसायला एकच, पण शोधायला गेलं की एक सापडतं आणि दुसरं निसटतं. मी त्याला सांगितलं, हेही सगळ्यांसमोर विचार, आणि वेगळा प्रश्न म्हणून विचार. खाजगीत मिळालेलं उत्तर तुझ्याजवळच राहील. शिवाय एकदा मदत केली म्हणून कुणी आपला कायमचा मदतनीस होत नाही. आणि आधीच्या प्रश्नाखाली नेमकं कशाने काम झालं ते लिही. ‘झालं, थँक्स’ एवढ्यावर थांबलास तर उद्या याच अडचणीत सापडलेल्या माणसाच्या हाती काही लागणार नाही. त्याने ते सविस्तर लिहिलं, दुरुस्त केलेल्या ओळींसकट.

उत्तर देणाऱ्यांची जबाबदारीही मला तितकीच मोठी वाटते. एरिक रेमंड यांनी शहाणपणाने प्रश्न कसे विचारावेत यावर २००१ साली लिहिलेलं टिपण आजही नवख्यांपुढे टाकलं जातं. त्यातला सल्ला बहुतेक खरा आहे, पण सूर करडा आहे, आणि कित्येक जण सल्ला विसरून तो सूर तेवढा उचलतात. २०१८ साली स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने स्वतःच जाहीरपणे मान्य केलं की नवख्या माणसांना आपल्याकडे परकं वाटतं आणि हे बदलायला हवं. त्याच वर्षी सप्टेंबरात लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपल्या सहकाऱ्यांना वर्षानुवर्षं लिहिलेल्या जहरी शब्दांबद्दल माफी मागितली आणि काही काळ काम बाजूला ठेवलं. इतकी मोठी माणसं आणि इतके मोठे समुदाय हे म्हणू शकतात, तर आपणही म्हणू शकतो. ‘तुम्ही काय करून पाहिलंत?’ या प्रश्नाच्या मागे ‘म्हणजे मला तिथून पुढे सांगता येईल’ एवढं जोडलं, तर कल्याणच्या मुलाला रात्रभर झोप न येण्याचं कारण उरत नाही.

काही महिन्यांनी त्या प्रश्नाखाली एका नेपाळी माणसाने लिहिलं. नेपाळीतही हाच अर्धा र येतो, त्यांच्या ‘गऱ्यो’सारख्या रोजच्या क्रियापदांत येतो, आणि त्याच्याही मजकुरात सगळीकडे रफार चढले होते. आमचं उत्तर वाचून त्याचं काम झालं होतं, फक्त एक शंका उरली होती. माझ्या सहकाऱ्याने ती सोडवली. त्याने उत्तरात आधी विचारलं, “तुमच्या भाषेत बरोबर रूप कोणतं ते लिहाल का? मला नेपाळी येत नाही.”

आमच्या या पट्ट्यात दरवर्षी कितीतरी मुलं संगणकाची पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांना प्रोग्रॅम लिहायला शिकवलं जातं. अडलं तर अनोळखी माणसाला कसं विचारायचं हे कुणी शिकवत नाही, आणि पहिल्याच बंद झालेल्या प्रश्नानंतर कित्येक मुलं पुन्हा विचारायचं सोडून देतात. शिक्षकांनी वर्षातला एक तास त्यासाठी द्यावा असं मला कळकळीने वाटतं. मुलांनी आपली खरी अडचण घेऊन यावी, एका शब्दाएवढी लहान करावी, बरोबर काय हवं ते लिहावं आणि शेजारच्याला वाचायला द्यावी. शेजाऱ्याला ती न समजली तर पुन्हा लिहावी. अनोळखी माणसाच्या वेळेचा मान राखणं म्हणजे त्याच्यासाठी आधी एवढे कष्ट घेणं. हा मान ज्यांना ठेवता आला, त्यांना ‘सर’ म्हणायला जमलं नाही तरी चालेल.