बांधावरचं प्रथिन

फळमाशीचा एक जुना वाण प्रयोगशाळांनी पिढ्यानपिढ्या सांभाळला आहे. अंग आणि पंख फिकट पिवळे, पण अंगावरचे राठ केस मात्र काळेकुळकुळीत. भिंगाखाली पाहावं तर रंगारी काम अर्धवट टाकून उठून गेला की काय, असं वाटतं. गंमत अशी की रंगाचं जनुक तिच्यात धडधाकट आहे. फक्त त्याच्या अलीकडे ‘जिप्सी’ नावाचा डीएनएचा एक भटका तुकडा येऊन बसलाय आणि त्यावर एका प्रथिनाने ठाण मांडलंय. अंगाला, पंखांना रंग द्यायला लावणारे नियंत्रक त्याच्या पलीकडे अडकले. केसांचा नियंत्रक जनुकाच्या पोटातच, म्हणून केस काळे. ते प्रथिन निकामी केलं की माशी पुन्हा सावळी होते.

ही इन्सुलेटर प्रथिनं मला शेताच्या बांधासारखी वाटतात. बांधावर पीक येत नाही, आणि तरी भावाभावांत डोकी फुटतात ती त्याच्याचपायी.

आपल्या पेशींत ही राखण मुख्यतः सीटीसीएफ हे प्रथिन करतं. 2016 साली ब्रॅडली बर्नस्टाईन यांच्या गटाने मेंदूतल्या ग्लायोमाच्या काही गाठींत हा बांध फुटलेला दाखवला. आयडीएच-1 हे जनुक बिघडलं की पेशीत एक नको ते रसायन साठतं. ते डीएनएवरचे मिथाइल पुसू देत नाही. मिथाइलने भरलेल्या जागी सीटीसीएफला बसता येत नाही. मग शेजारच्या जनुकाचा नियंत्रक पीडीजीएफआरए या वाढीच्या जनुकाला चेतवतो आणि पेशी वाढत सुटतात. आयडीएचचा बिघाड नसलेल्या गाठींच्या पेशींत तेवढीच जागा क्रिस्परने कापली, तरी तेच घडलं.

कर्करोग म्हटला की आपण आरोपी जनुक शोधायला निघतो. इथे पीडीजीएफआरए निर्दोष, त्याला चेतवणारा नियंत्रकही आपलं रोजचंच काम करतोय. मूळ बिघाड दुसऱ्या गुणसूत्रावर, धिंगाणा चौथ्यावर! मला तर हे एखाद्या गुन्ह्यापेक्षा भाऊबंदकीच्या दाव्यासारखंच अधिक दिसतं, आणि असे दावे लवकर निकाली निघत नाहीत.

मिथाइल उतरवणारं औषध दिल्यावर आयडीएच बिघडलेल्या पेशींत बांध काहीसा सावरला, हे खरं. पण ते औषध नेमक्या त्याच बांधावर पडत नाही. साऱ्या शिवारातलं मिथाइल उतरवत जातं, हवं तिथलंसुद्धा.