दऱ्यांचा दर्या होतो तेव्हा

जामसंड्याच्या पश्चिमेला दर्या आहे आणि पूर्वेला घाटाची वाट धरली की दऱ्या लागतात. दोन्ही शब्दांत अक्षरे तीच: द, र, य, आ. फरक फक्त अर्ध्या ‘र’च्या रूपाचा. ‘दर्या’त तो रफार होऊन डोक्यावर बसतो आणि मागच्या ‘द’वर आघात देतो, ‘दऱ्या’त तो पापणीसारखा आडवा पडतो आणि ‘द’ला धक्काही लावत नाही. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना आणि शिकवणाऱ्या आचार्यांना वेगळे ठेवणारी रेषाही हीच. हिंदीला या भेदाची गरज पडत नाही. मराठीचे त्यावाचून चालत नाही.

आता एक विसंगती पाहा. चीनच्या शान्शी प्रांतातील एका शेवयांच्या पदार्थाचे नाव लिहिण्यासाठी ‘ब्यांग’ हे अतिशय किचकट चिन्ह वापरतात. मार्च २०२० मध्ये युनिकोडच्या तेराव्या आवृत्तीत त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला. २०१४ मध्ये सातव्या आवृत्तीने मोडी लिपीलाही जागा दिली, आणि इतिहासप्रेमींना त्याचा आनंद होणे स्वाभाविकच होते. मात्र मराठी माणूस रोज लिहितो त्या पापणीच्या ‘र’ला आजही स्वतंत्र क्रमांक नाही.

तो दुसऱ्याच्या घरात राहतो. देवनागरीच्या तक्त्यात षोडशमान ०९३१ या क्रमांकावर ‘ऱ’ आहे; त्याची नोंद द्राविडी भाषांतील एका ‘र’च्या लिप्यंतरासाठी झाली. त्याला हलन्त जोडला की पापणी उमटते. ही रीत १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाणकाशी जुळणारी आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर हा ‘ऱ’ साध्या ‘र’च्याच कळीवर, शिफ्टखाली सापडतो.

पण १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीतील रीत निराळी होती: साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे, शून्य रुंदीचे जोडचिन्ह. जुने लेखन मोडू नये म्हणून तीही ग्राह्य ठेवण्यात आली. निर्णय उदार होता, यात शंका नाही. त्याची किंमत मात्र शोधणाऱ्याला मोजावी लागते. ‘दऱ्या’ आणि ‘दर्‍या’ हे दोन शब्द येथे वेगवेगळ्या रीतींनी लिहिले आहेत. वाचकाला ते एकच दिसतात, यंत्राला दोन. ‘ऱ’ म्हणजे ‘र’ अधिक नुक्ता, एवढी समानता युनिकोडचे नियम मानतात. जोडचिन्हाच्या रूपाला ते त्यात धरत नाहीत.

अत्रे यांचे ‘कऱ्हेचे पाणी’ एका ग्रंथसूचीत एका रीतीने नोंदले गेले आणि वाचकाच्या कळफलकाने दुसरी रीत उमटवली, तर साध्या शोधात पुस्तक नाहीच असे उत्तर येते. वऱ्हाड, कऱ्हाड, बऱ्हाणपूर, गोऱ्हे, कुऱ्हाडे या सर्व नावांवर हीच टांगती तलवार आहे. जुन्या कागदपत्रांचे टंकन आज अनेक हातांनी, अनेक कळफलकांवर चालले आहे. त्यातले किती ‘किनाऱ्या’ एका शोधात सापडतील, हे टंकणाऱ्याने कोणती कळ दाबली त्यावर ठरते. जोडचिन्ह वाटेत कुठे गळाले, तर जे उरते ते वाचताही येते, फक्त तेथे दऱ्यांच्या जागी दर्या असतो.