हाताने आवळायचा डबा

मीरा-भाईंदर रस्त्यावर सिल्व्हर पार्कच्या आसपास पहाटेपासूनच पिकअप गाड्यांची ये-जा सुरू होते. भाजी, बर्फ, उत्तनची मासळी, भाईंदरच्या कारखान्यांतली स्टीलची भांडी, कुणाचं तरी घरसामान. पिवळ्या पाटीची ही गाडी बहुतेक वेळा एकाच माणसाच्या जिवावर चालते. मालक तोच, ड्रायव्हर तोच, आणि सुट्टीच्या दिवशी मिस्त्रीही तोच. गाडी गॅरेजला लावली की मजुरीपेक्षा बुडालेली फेरी महाग पडते. म्हणून ऑइल बदलणं, एअर फिल्टर झटकणं, डिझेल फिल्टर बदलणं ही कामं तो सोसायटीच्या पार्किंगमध्येच उरकतो. पहिली दोन कामं सहसा त्रास देत नाहीत. डिझेल फिल्टर मात्र अडून बसतो.

तो का अडतो, हे पाना हातात घेण्याआधी समजून घेतलं तर अर्धं काम तिथेच होतं. एक कारण इथल्या हवेत आहे. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, आणि भाईंदरची मिठागरं तर पिढ्यान्‌पिढ्यांची. या खारट दमट हवेत फिल्टरचा पातळ पत्र्याचा डबा कडेने गंजतो. ज्या डोक्याला तो लागतो ते अनेक गाड्यांत ॲल्युमिनियमचं असतं. लोखंड आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की दोघांच्या मधला सांधा पांढरट पुटाने धरतो. दुसरं कारण रबराचं. डिझेल पिऊन आणि इंजिनाची धग खाऊन वॉशर फुगतो, चपटा होतो आणि वरच्या पृष्ठभागाला चिकटतो.

पण खरा गुन्हेगार बहुतेक वेळा तिसराच असतो: मागच्या वेळी पान्याने करकचून आवळणारा हात. फिरवून बसवायच्या फिल्टरवर कंपनीने चित्रासकट छापलेलं असतं, की रबर टेकलं की त्यापुढे हातानेच अमुक इतका फेरा द्या. अनेक डब्यांवर तो पाऊण फेरा असतो. गळेल या भीतीने माणूस पाना लावून आणखी अर्धा फेरा देतो, आणि पुढच्या बदलीची डोकेदुखी त्याच क्षणी तयार होते. गळती रबर थांबवतं, जोर थांबवत नाही. हट्टी फिल्टरची गोष्ट काढण्यापासून सुरू होत नाही, बसवण्यापासून होते.

काढताना पहिली गफलत दिशेची. डबा उलटा लटकलेला असतो. खालून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरवायचा, पण बॉनेटमधून वाकून वरून पाहणाऱ्याला तीच दिशा सुलटी दिसते. कितीतरी फिल्टर सोडवण्याच्या नादात आणखी आवळले जातात. दुसरी गफलत पाना कुठे लावायचा याची. मधोमध लावला तर पत्रा दबतो, डबा लंबगोल होतो आणि पकड जाते. वरच्या कडेजवळ, जिथे आत जाड चकती आहे, तिथे पट्ट्याचा किंवा साखळीचा पाना लावला तर जोर थेट आट्यांपर्यंत पोचतो.

“मामा, पाना घसरतोय.”

“घसरणारच. डबा तेलकट आहे. आधी पूस, मग पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळ, खरखरीत बाजू डब्याकडे.”

मामाने भाच्याला सांगितलेली ही एवढीशी युक्ती अनेक महागड्या पान्यांपेक्षा कामाची आहे. झटके न देता एकसारखा, वाढत जाणारा जोर द्यायचा. रबर सुटतं तेव्हा बारीक ‘कट्’ असा आवाज येतो आणि त्यानंतर डबा हाताने फिरतो.

डब्यात स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून त्याने फिरवायची पद्धत रस्तोरस्ती दिसते. ती शेवटचा उपाय म्हणूनही वाईटच. पत्रा फाटतो, डबा हातात येतो, जाड चकती मात्र आट्यांवर तशीच राहते. मग छिन्नी आणि हातोडी. शिवाय पत्र्याचा कीस नेमका तिथे पडतो जिथे धुळीचा कणही पडता कामा नये.

याचं महत्त्व कळायला नाशिकला जावं. तिथल्या मायको सर्कलला ज्या कारखान्यावरून नाव पडलं, तिथे डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर तयार होतात. मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, 1951 साली बंगळूरला सुरू झाली. 2008 मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. बॉश या मूळ जर्मन कंपनीने डिझेलच्या पंपांचं मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन 1927 पासून सुरू केलं होतं. नोझलमधली सुई तिच्या घरात अवघ्या काही मायक्रॉनच्या फटीत सरकते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. फिल्टरचा घडीचा कागद राखण करतो ती या फटीची. म्हणून नवा फिल्टर पिशवीतून शेवटच्या क्षणी काढायचा, आणि जुना सैल करण्याआधी भोवतालची माती ब्रशने झाडून, डिझेलच्या फडक्याने पुसून घ्यायची. खाली ट्रे आणि पुठ्ठा हवाच. डिझेल डांबर विरघळवतं, आणि गटारात सोडलं तर शेवटी खाडीतच जातं.

जुना डबा उतरला की वरच्या पृष्ठभागावरून बोट फिरवून पाहावं. जुनं रबर तिथेच चिकटून राहिलं असेल आणि त्यावर नवं बसलं, तर दोन रबरांमधून गळती ठरलेली. नव्या रबराला स्वच्छ डिझेलचं बोट लावायचं, आटे हाताने धरायचे, आणि छापलेला फेरा देऊन थांबायचं. नवा डबा बाटलीतल्या डिझेलने भरून लावायची सवय अनेकांना आहे. पण बहुतेक फिल्टरांत डिझेल कडेच्या छोट्या भोकांतून आत शिरतं आणि गाळून मधल्या भोकातून बाहेर पडतं. मधून ओतलेलं डिझेल न गाळताच पंपाकडे जातं. रिकामा डबा लावून हातपंपाने भरणं थोडं वेळखाऊ आहे, पण योग्य तेच आहे.

इथे गाडीची पिढी ओळखावी लागते. टाटा एस 2005 साली आली तेव्हा तिच्यात 702 सीसीचं, दोन सिलिंडरचं साधं डिझेल इंजिन होतं. तशा इंजिनाने हवा धरली की मिस्त्री इंजेक्टरकडच्या नळीचा नट सैल करून सेल्फ मारायचे आणि बुडबुडे बाहेर काढायचे. एप्रिल 2020 पासून धुराचे बीएस-6 निकष लागू झाले. आजच्या कॉमन रेल गाड्यांत त्याच जागी दीड हजार बारच्या वर दाब असू शकतो. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट गमावण्याची पाळी येऊ शकते. या गाड्यांत जाड नळ्यांना हात लावायचा नाही. हवा काढायची ती फिल्टरपाशीच, हातपंपाने किंवा चावी फिरवून चालणाऱ्या पंपाने. हातपंप आधी पोकळ लागतो, हळूहळू घट्ट होतो, आणि अंगठ्याला दाब परत जाणवू लागला की पुरे.

नव्या गाड्यांवर हट्ट डब्याऐवजी नळीच्या प्लास्टिक लॉकचा असतो. धूळ लॉकमध्ये अडकून बसते आणि माणूस ओढत राहतो. आधी लॉक धुवायचं, नळी उलट आत ढकलायची, लॉक दाबायचं, मग ओढायची. जुनं प्लास्टिक पकडीने ओढलं तर तुटतं, आणि पाच मिनिटांच्या कामात नवी नळी आणायला बाजार गाठावा लागतो.

गाडी सुरू झाल्यावर दोन मिनिटं चालू ठेवून रबराच्या कडेला कोरडा कागद फिरवावा. ओल डोळ्यांआधी कागदाला कळते. डब्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहावेत.

जुना फिल्टर मात्र लगेच टाकू नये. त्यातलं डिझेल काचेच्या बरणीत ओतून तासभर ठेवलं की पाणी तळाशी बसतं, आणि बरणी तिरकी केली की त्याचे थेंब गोळ्यांसारखे घरंगळतात. थोडं पाणी पावसाळ्यानंतर अपेक्षितच. अर्ध्या टाकीतल्या हवेचा दमटपणा थंड होऊन खाली उतरतो. बरणीतल्या पाण्याच्या वर काळपट, बुळबुळीत थर असेल तर तो पाणी आणि डिझेल यांच्या मध्ये वाढणाऱ्या जिवाणू-बुरशीचा. मग डबा कापून कागदाच्या घड्या उलगडाव्यात. नुसत्या काळ्या असतील तर फिल्टरने नेमून दिलेलं काम केलं. तांबूस भुकटी हाताला लागली तर गंज टाकीत आहे, आणि पुढच्या सुट्टीला फिल्टर नव्हे, टाकी उतरवायची आहे.